‘साइट नीट दिसत नाही’: एका वाचनालयाच्या संकेतस्थळाचं प्रकरण

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातलं, ‘ब’ वर्गातलं सार्वजनिक वाचनालय. पूर्णवेळ माणूस एकच, ग्रंथपाल बाई. सचिव निवृत्त बँक कर्मचारी. सभासदांमध्ये निम्म्याहून जास्त साठीच्या पुढचे. दिवाळी अंक योजना हा इथला वर्षातला सगळ्यात गजबजलेला काळ: ठरावीक वर्गणी भरायची आणि आलेले अंक आळीपाळीने घरी न्यायचे. कुठला अंक कोणाकडे आहे आणि रांगेत पुढे कोण, यावरून दरवर्षी थोडी वादावादी होते. ती मिटावी म्हणून संकेतस्थळावर अंक राखून ठेवायची सोय केली होती.

संकेतस्थळाचं काम मी बघतो. नोकरी पुण्यात, पण लहानपणची सगळी वाचनं याच वाचनालयातली, म्हणून हे काम फुकट आणि रात्री दहानंतर. पुस्तकांची यादी मूळची जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधली होती. (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारी संगणकाची पद्धत.) त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फॉन्ट काढला की पडद्यावर नुसता रोमन कचरा उरे. ती यादी आम्ही युनिकोडमध्ये फिरवून घेतली आणि २०२४ च्या दिवाळीआधी, सप्टेंबरच्या शेवटी, संकेतस्थळाला नवं रूप दिलं. रूप एका तयार इंग्रजी साच्यावरून घेतलं होतं. माझ्या लॅपटॉपवर आणि माझ्या फोनवर ते छान दिसत होतं. इतकीच तपासणी झाली होती, हे आधीच सांगून टाकतो.

तक्रार

पहिल्या आठवड्यात सचिवांचा फोन आला. “अहो, साइट नीट दिसत नाही म्हणतायत लोक.” किती लोक? “बरेच.” काय दिसत नाही? “काहीच नीट दिसत नाही.”

या एका वाक्यात चार वेगवेगळे बिघाड दडले होते. ते कळायला मला बारा दिवस लागले, कारण मी तो एकच बिघाड समजून चाललो होतो.

पहिला सल्ला, आणि तो किती महाग पडला

नवं रूप आलं की जुन्या रूपाचे तुकडे ब्राउझरच्या साठ्यात, म्हणजे ‘कॅश’मध्ये, राहतात आणि पान अर्धं नवं, अर्धं जुनं दिसतं, हा नेहमीचा अनुभव. म्हणून मी फोनवरच सांगून मोकळा झालो: “कॅश साफ करा सगळ्यांना सांगा.”

ग्रंथपाल बाईंनी काउंटरवरच्या संगणकावर तो सल्ला इमानेइतबारे पाळला. साफसफाईच्या खिडकीत जितके चौकोन दिसले तितक्यांवर टिचकी मारली. त्यात कुकीज, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी, गेल्या आणि जतन केलेले पासवर्डही गेले. वाचनालयाच्या ई-मेलचा पासवर्ड कुठेही लिहून ठेवलेला नव्हता, आणि तो बदलण्यासाठी येणारा ओटीपी आधीच्या सचिवांच्या मोबाइलवर जात होता. ते मुलाकडे नाशिकला. दोन दिवस वाचनालयाची मेल बंद. आणि पान? जसंच्या तसं विस्कटलेलं.

जुना साठा हेच कारण आहे का, हे बघायला काही पुसावंच लागत नाही. कंट्रोल आणि एफ-पाच एकदम दाबलं की तेवढं एक पान नव्याने उतरतं. किंवा ब्राउझरच्या इनकॉग्निटो, म्हणजे खाजगी, खिडकीत तेच पान उघडायचं. तिथे जुना साठा वापरला जात नाही आणि एक्स्टेन्शन्सही (ब्राउझरला जोडलेली पूरक साधनं), आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर, चालत नाहीत. तिथे पान नीट दिसलं तर दोष त्या ब्राउझरमध्ये साठलेल्या गोष्टींचा. तिथेही वाकडंच दिसलं तर साफसफाईने काहीही साधणार नाही. दहा सेकंदांची ही चाचणी मला माहीत होती. रात्री साडेदहाला, फोन लवकर ठेवायच्या घाईत, ती सांगावीशी वाटली नाही.

फोटो मागवले

मग सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप टाकला: पानाचा स्क्रीनशॉट पाठवा, फोन की संगणक ते लिहा, आणि दुसरी एखादी मराठी साइट तिथेच नीट दिसते का तेही लिहा. तिसरा प्रश्न मी सहज घातला होता, पण सगळ्यात उपयोगी तोच पडला. दुसरी साइटही बिघडलेली असेल तर यंत्राकडे बघायचं; आपलीच बिघडलेली असेल तर आपल्या पानाकडे.

स्क्रीनशॉट दोन-तीनच आले. बाकी लोकांनी संगणकाच्या पडद्याचा मोबाइलने फोटो काढला, तोही तिरका, ट्यूबलाइटच्या उजेडासकट. आधी मी वैतागलो. पण ग्रंथपाल बाईंच्या फोटोत पडद्याची खालची पट्टीही आली होती आणि डाव्या कोपऱ्यात ते गोल, रंगीत स्टार्ट बटण दिसत होतं: विंडोज ७. नेटक्या स्क्रीनशॉटमध्ये तेवढाच भाग कापला गेला असता.

आलेले फोटो शेजारी शेजारी मांडले तेव्हा लक्षात आलं, की हे एकमेकांसारखे दिसतच नाहीत.

बिघाड एक: काउंटरवरचा संगणक

इथे मेनू आडवा न दिसता टिंबांच्या यादीसारखा उभा ओघळला होता, रंग नव्हते, रकाने एकाखाली एक.

विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासून विंडोज ७ चा आधार बंद झाला. आमच्या नव्या साच्यातले मांडणीचे नियम एकात एक गुंफून लिहिलेले होते. सीएसएसची (पानाची मांडणी आणि रंग ठरवणाऱ्या भाषेची) ही सोय क्रोममध्ये ११२ पासून आली. म्हणजे काउंटरवरचा ब्राउझर ते नियम वाचत होता, त्याला अर्थ लागत नव्हता, आणि तो ते मुकाट्याने सोडून देत होता. कुठेही चूक झाल्याचा संदेश नाही.

इथे आमच्यासमोर चार वाटा होत्या. नवा संगणक घेणं ही पहिली. सचिव म्हणाले, अनुदानाचा हप्ता आल्याशिवाय विषय काढू नका. जुनं रूप परत लावणं ही दुसरी, पण त्यात अंक राखून ठेवायची सोय नव्हती. तिसरी वाट मला सगळ्यात सोपी वाटली: ब्राउझर बदलू. फायरफॉक्सची ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती विंडोज ७ वर चालते. एका रविवारी गावी जाऊन ती बसवली, बाईंचे बुकमार्क हलवले, त्यांना नवी बटणं दाखवली, आणि पान उघडलं. तस्संच. गुंफलेल्या नियमांची सोय फायरफॉक्समध्ये ११७ पासून आहे. घरून निघण्यापूर्वी पाच मिनिटं तपासलं असतं तर रविवार वाचला असता, आणि बाईंना दोन ब्राउझरांमध्ये अडकवून आलो ते टळलं असतं.

शेवटी चौथी वाट धरली: दोष ज्याचा, त्यानेच सुधारायचं. मांडणीचे नियम एका साधनातून काढून सुटे, सरळ करून घेतले. जुन्या ब्राउझरला तेच कळतात आणि नव्यालाही अडचण नसते. काम तासाभराचं. संगणक जुना आहे हे खरंच, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यावर बँकेचं काही करू नये हेही मी कार्यकारिणीला लेखी दिलं. पण वाचनालयाचा काउंटरच आपलं पान उघडू शकत नसेल तर ‘तुमचा संगणक जुना आहे’ हे उत्तर होत नाही.

बिघाड दोन: काळं पान

हा फोनवरचा. काही सभासदांना पान काळं दिसत होतं, वरचं बोधचिन्ह गायब, आणि ‘राखून ठेवा’ हे बटण जवळजवळ अदृश्य. फोनला डार्क मोड लावलेला असला की काही ब्राउझर पानाचे रंग स्वतःच उलटवतात. आमची चूक अशी, की बटणाच्या अक्षरांना रंग दिला होता पण पार्श्वभूमीला दिलाच नव्हता. ती पांढरीच असणार असं गृहीत धरलं होतं. दोन्ही रंग स्पष्ट लिहिले, पान उजळ रंगांचंच आहे अशी सूचना पानाच्या कोडच्या सुरुवातीच्या भागात घातली, आणि ती सूचना न मानणाऱ्या ब्राउझरसाठी बोधचिन्हामागे पांढरी पाटी ठेवली. फार काही सांगण्यासारखं यात नाही.

बिघाड तीन: मोठी अक्षरं

एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या फोटोत अक्षरं टपोरी, रकाने एकमेकांवर चढलेले, आणि राखून ठेवायचं बटण उजवीकडे पडद्याबाहेर. दुसऱ्या साइट मात्र उत्तम दिसत होत्या, म्हणून त्यांचा ठाम निष्कर्ष: साइटच बिघडली आहे.

ब्राउझर प्रत्येक साइटचं झूम वेगळं लक्षात ठेवतो. आमच्याच साइटवर कधीतरी ते पावणेदोनशे टक्क्यांवर गेलं होतं. कंट्रोल दाबलेलं असताना माउसचं चाक फिरलं तरी एवढं होतं. मी फोनवर सांगितलं, कंट्रोल धरा आणि शून्य दाबा. पान जागेवर आलं. सर खूश, मी खूश.

दोन दिवसांनी त्यांचाच फोन. “आता दिसतं सगळं, पण वाचता काही येत नाही.”

त्यांना मोतीबिंदू. झूम चुकून वाढलेलं नव्हतं. नातवाने मुद्दाम वाढवून दिलं होतं. मी त्यांची सोय ‘बिघाड’ म्हणून दुरुस्त करून टाकली होती. या सगळ्या प्रकरणात मला सर्वाधिक लाज याचीच वाटते. एक प्रश्न विचारला असता, “अक्षरं मोठी तुम्हीच केलीत का?”, तर दोष कुठे आहे ते तिथेच कळलं असतं. वेबच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यांत साधी अपेक्षा आहे, की अक्षरं दोनशे टक्क्यांपर्यंत, म्हणजे दुप्पट, मोठी केली तरी पानावरचं काही हरवू नये. आमच्या साच्यात रकान्यांची रुंदी पिक्सेलमध्ये ठोकून बसवलेली होती. ती सैल केली, अक्षरं वाढली की रकाने एकाखाली एक येतील असं केलं, आणि सरांना पुन्हा झूम वाढवायला सांगितलं.

बिघाड चार: ज्याची कोणी तक्रारच केली नाही

नाही म्हणायला एकीने केली. वाचनालयाच्या एक जुन्या सभासद आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधन करत होत्या. त्यांनी आमच्या यादीची चार पानं छापून, लाल पेनाने खुणा करून, एका मुलाच्या हातून पाठवली. वर लिहिलं होतं: ‘हे मराठी नव्हे.’

खुणा दोन प्रकारच्या होत्या. मथळ्यांमध्ये प्रत्येक अक्षरानंतर शिरोरेघ तुटलेली. इंग्रजी साच्यांत मथळ्याच्या अक्षरांमध्ये थोडी मोकळी जागा सोडायची पद्धत असते. रोमन कॅपिटलना ती शोभते. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापला रेघेचा तुकडा डोक्यावर घेऊन येतं आणि शेजारच्याला भिडतं. मध्ये जागा सोडली की रेघ फाटते आणि शब्दाची अक्षरं दाताच्या फटींसारखी दिसू लागतात. तो एक नियम काढून टाकला. त्याच ओघात पानाची भाषा इंग्रजी म्हणून नोंदलेली आहे हेही दिसलं. ती मराठी केल्यावर आमच्या फॉन्टने ल आणि श यांची मराठी वळणं आपोआप उचलली. तोवर हिंदी वळणाचा ल माझ्या डोळ्यांना खुपलाही नव्हता.

दुसऱ्या खुणा जास्त गंभीर. ‘दुसऱ्या’च्या जागी ‘दुसर्या’, ‘शेतकऱ्यांचा’च्या जागी ‘शेतकर्यांचा’, ‘कुऱ्हाड’च्या जागी ‘कुर्हाड’. मला वाटलं, फॉन्ट जुना असेल, छापताना काही झालं असेल. पण माझ्या लॅपटॉपवरही तसंच होतं. महिनाभर मी ते रोज बघत होतो.

मराठीतला हा आडवा, पापणीसारखा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तर नुक्ता (खाली टिंब) असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त. किंवा साधा र, हलन्त, आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखेच. जुन्या फॉन्टमधून रूपांतर करणाऱ्या साधनाने दुसरी तऱ्हा वापरली होती. आणि मी यादी भरताना एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, जो एक्सेलमधून आलेली ‘फालतू अदृश्य चिन्हं’ झाडून काढत असे. शोध घेताना ती अडथळा आणत होती. त्या झाडूत जोडचिन्हंही गेली. उरला र आणि हलन्त, म्हणजे पुढच्या अक्षरावर रफार.

ब्राउझर, फोन, विंडोज ७, चष्मा, कोणाचाच दोष नव्हता. झाडू माझा होता.

दुरुस्तीचे पर्याय

सगळ्यात सोपं म्हणजे मूळ रूपांतरित फाइल पुन्हा भरणं. पण मधल्या काळात बाईंनी शेकडो नोंदी सुधारल्या होत्या, नव्या घातल्या होत्या. त्या पुसल्या गेल्या असत्या. दुसरं म्हणजे यादीतला प्रत्येक ‘र्य’ बदलून ‘ऱ्य’ करणं. मी तो आदेश लिहिलाही होता. एंटर दाबायच्या आधी सहज डोळ्यांसमोर ‘सूर्य’ आला. मग कार्य, धैर्य, आर्य, मर्यादा, ऐश्वर्य. यंत्राने यातला प्रत्येक शब्द विद्रूप केला असता, आणि त्याचं खापर परत ‘साइट नीट दिसत नाही’वर फुटलं असतं.

म्हणून काम तीन ढिगांत वाटलं. ‘र्ह’ जवळजवळ सगळा यंत्राने बदलला, कारण मराठी पुस्तकांच्या नावांत रफार असलेला ह क्वचितच येतो. अर्ह, अर्हता, गर्हणीय अशी मोजकी मंडळी बाजूला काढली. ‘र्य’साठी आधी जुनी फाइल आणि सध्याची यादी शेजारी ठेवून जुळवलं: जिथे जुन्या फाइलमध्ये जोडचिन्ह सापडलं तिथे ऱ बसवला. उरलेल्या, म्हणजे नंतर हाताने घातलेल्या नोंदींची यादी छापून त्याच मुद्रितशोधक बाईंकडे पाठवली. त्यांनी दोन संध्याकाळी लाल पेन चालवलं.

तरी काही शब्द असे राहिले की त्यांच्याही हातात निकाल नव्हता. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘आचार्यांच्या’ आठवणी गुरूंच्या. ‘आचाऱ्यांच्या’ आठवणी स्वयंपाक्यांच्या. दोन्ही नावांची पुस्तकं असू शकतात. तिथे एकच उपाय: ग्रंथपाल बाई कपाटाशी जायच्या, पुस्तक काढायच्या, मुखपृष्ठाचा फोटो पाठवायच्या. एकदा त्यांनी फोटोखाली लिहिलं, “समुद्रच आहे.”

शोधाचंही बघावं लागलं. सभासद ‘दुसऱ्या’ कुठल्या कळफलकावर लिहितो त्यावर त्याच्याकडून कुठली तऱ्हा येते हे ठरतं, आणि संगणकाला त्या दोन तऱ्हा वेगळे शब्द वाटतात. आता शोधाच्या चौकटीत काहीही आलं तरी आत जाताना ते ऱ-वाल्या तऱ्हेत बदललं जातं. साठवणीतही तीच एक तऱ्हा.

निकाल

धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री सगळ्या दुरुस्त्या चढवल्या. ते घाईचं झालं, आणि एकदा तर राखून ठेवायचं बटणच दोन तास बंद पडलं. त्या दोन तासांत बाईंनी नेहमीची लाल वही काढली आणि काम चालू ठेवलं. वही अजूनही काउंटरखाली असते. मी ती काढून टाका म्हणणं सोडून दिलं आहे.

काळ्या पानाची तक्रार एका फोनवर नंतरही येत होती; त्या ब्राउझरमध्ये आमच्या साइटसाठी डार्क मोड बंद करून दिला. मुख्याध्यापक आता अंक स्वतः राखून ठेवतात, दोनशे टक्क्यांवर. काउंटरवरचा विंडोज ७ तसाच आहे. नव्या संगणकाचा विषय कार्यकारिणीने पुढच्या अंदाजपत्रकावर टाकला, आणि आता पान नीट दिसत असल्यामुळे तो तिथूनही पुढे जाईल अशी मला भीती आहे. माझ्या दुरुस्तीने माझाच युक्तिवाद लंगडा केला.

आज पुन्हा करायचं झालं तर

फोटो पहिल्याच दिवशी मागवीन. फोनवर कुठलंही बटण दाबायला सांगण्याआधी ‘हे असं तुम्हीच ठेवलंय का?’ हे विचारीन. काहीही पुसायला लावण्याआधी इनकॉग्निटो खिडकी उघडायला लावीन, आणि पासवर्डच्या चौकोनाला हात लावू नका हे दोनदा सांगेन. नवं रूप चढवण्याआधी ते काउंटरवरच्या संगणकावर बघीन, पुण्यातल्या लॅपटॉपवर नाही.

आणि ते लाल खुणांचे कागद. ते तक्रारींच्या गठ्ठ्यात सगळ्यात शेवटी वाचले, कारण त्यात ‘दिसत नाही’ असं कुठे लिहिलंच नव्हतं. बाकी तिघांचे बिघाड त्यांच्या त्यांच्या पडद्यापुरते होते. हा प्रत्येक पडद्यावर होता आणि म्हणूनच आम्हा सगळ्यांना तो नेहमीचा वाटत गेला. आता यादीत काही बदल केला की पहिलं छापील पान त्यांच्याकडे जातं. पडद्यावर त्या वाचत नाहीत.

र्य-ऱ्यच्या यादीतली सात नावं अजून संशयित आहेत. पुस्तकं वाचकांकडे गेलेली, मुखपृष्ठ बघता येत नाही. त्यातलं एक २०१९ पासून परत आलेलं नाही.